आधी चहा घ्या

उल्हास गजभिये चॅप्लेन झाले, तेव्हा कॅनडातल्या विनिपेगमधल्या यच्चयावत मराठी माणसांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "म्हणजे नक्की काय झालात?"

प्रश्न रास्तच होता. माणूस नागपूरचा, इंजिनिअर. बसगाड्या बनवणाऱ्या कारखान्यात अर्धं आयुष्य ब्रेक आणि अ‍ॅक्सल यांच्या संगतीत गेलेलं. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. चौदा एप्रिलला हॉल बुक करण्यापासून शेवटची खुर्ची उचलेपर्यंत सगळीकडे हेच पुढे. असा माणूस एके दिवशी पाठीवर ठळक अक्षरांत 'चॅप्लेन' लिहिलेलं जाकीट घालून फायर ब्रिगेडच्या गाडीतून उतरला, तर लोक बुचकळ्यात पडणारच. कुणी म्हणालं, धर्म बदलला. मराठी असोसिएशनच्या सेक्रेटरींनी हात जोडून विचारलं, "आता तुम्हाला भंतेजी म्हणायचं का?"

"अहो, तसं काही नाही," उल्हास समजावत. "आग लागते, अपघात होतो. पोलीस पोलिसांचं काम करतात, फायरवाले त्यांचं. पण ज्याचं घर जळतंय तो माणूस ब्लँकेट गुंडाळून बर्फात उभा असतो ना, त्याच्या शेजारी कुणी उभं राहायचं? तर मी. आणि रात्रपाळी करून आलेल्या पोलिसाला मन मोकळं करायचं असेल, तर त्याचं कुणी ऐकायचं? तेही मी."

"बरं. आणि पगार किती?"

"पगार नाही. व्हॉलंटिअर."

हे ऐकल्यावर धर्म बदलल्याचा संशय मागे पडून डोक्यावर परिणाम झाल्याचा संशय पुढे येई.

फायरवाल्यांनाही सुरुवातीला या गृहस्थांचं काय करावं ते कळत नव्हतं. त्यांना सवय पाद्र्यांची. हे तर प्रार्थनाही म्हणत नव्हते. पण पहिल्याच हिवाळ्यात एका गोदामाला आग लागली, नळीतून उडालेलं पाणी मिशांवर गोठायला लागलं, आणि उल्हासरावांनी गाडीतून भलाथोरला स्टीलचा थर्मास काढला. आलं ठेचून घातलेला, उकळउकळ उकळलेला चहा. त्या रात्रीनंतर त्यांच्या धर्माची चौकशी कुणी केली नाही. आग कुठलीही असो, "उल्हास निघालाय का?" हे आधी विचारलं जाऊ लागलं.

तेव्हा सगळं झकास चाललं होतं म्हणायला हरकत नाही. फक्त एक गोष्ट जमत नव्हती, आणि नेमकी तीच या कामात सर्वांत महत्त्वाची होती. कुणाच्या घरी जाऊन माणूस गेल्याची बातमी सांगणं.

हे शिकवायला डोरीन नावाची पाद्रीणबाई होती. सगळ्या चॅप्लेनांची मुख्य. मुलगे आणि नातवंडं मिळून एक हॉकी टीम होईल एवढा संसार, आवाज खणखणीत, आणि स्वेटर कायम स्वतःच्या हातानं विणलेले. चर्चच्या बेसमेंटमध्ये ती तालीम घ्यायची. ती स्वतः बायको व्हायची आणि उल्हासनी दार वाजवून यायचं. नियम सोपा होता. नाव विचारायचं, बसवायचं आणि पहिल्याच वाक्यात 'मेले' हा शब्द उच्चारायचा. आडवळण नाही, 'आपल्यात राहिले नाहीत' नाही, 'जरा आमच्याबरोबर चला' तर मुळीच नाही. कारण आडवळण घेतलं की समोरचा माणूस आशेला लटकून राहतो.

उल्हास दार वाजवत, आत येत, बसत आणि म्हणत, "मॅडम, तुमच्या मिस्टरांची तब्येत जरा सीरियस आहे."

"उल्हास, तो मेलाय."

"हो, पण एकदम कसं सांगणार? त्या बाईनं सकाळपासून काही खाल्लंय का?"

डोरीननं विणकाम खाली ठेवलं. "खाण्याचा इथे काय संबंध?"

मग उल्हासनी तिला सांगितलं. आमच्याकडे गेल्याचं कुणी सांगत नाही. सीरियस आहे म्हणतात. पाय मोडलाय म्हणतात. मग आधी चहा पाजतात, दोन घास खाऊ घालतात, कारण एकदा कळलं की त्या घरात चूल पेटत नाही आणि घशाखाली पाणी उतरत नाही. म्हणून खाणं आधी, बातमी नंतर.

डोरीननं शांतपणे ऐकून घेतलं. "तुझ्याशी कुणी असं केलं होतं का?"

बाई हुशार होती. केलं होतं.

अठ्ठ्याण्णव साली थोरल्या भावाचा, बबनचा, फोन आला होता. बाबा सीरियस आहेत, निघ. उल्हास मिळेल त्या विमानानं निघाले. टोरांटोच्या विमानतळावर त्यांनी बाबांसाठी दाढीचं इलेक्ट्रिक मशीन घेतलं. हॉस्पिटलात न्हावी येत नाही, आणि बाबांना वाढलेली दाढी खपायची नाही. नागपुरात उतरले तर बबन घ्यायला आलेला. वर्धा रोडवरच्या एका टपरीपाशी त्यानं गाडी थांबवली. म्हणाला, आधी चाय घे. उल्हासनी दोन ग्लास चहा घेतला, वर समोसा खाल्ला आणि खाता खाता बेत सांगितला, की डॉक्टर बदलू, जमलं तर बाबांना कॅनडात नेऊ. बबन टपरीच्या खांबाला टेकून ऐकत होता. मग गाडी गल्लीत वळली आणि घरासमोर मांडलेल्या खुर्च्या दिसल्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसली. बाबांना आदल्या दिवशीच पोचवून आले होते.

मरण येतंच, हे उल्हासना कळत होतं. पण बाप गेलेला असताना आपण समोसा खात होतो, वर चटणी मागून घेतली होती, हे त्यांना कधी पचलं नाही. बबननं आपल्याला मूर्ख बनवलं. तेव्हापासून दोघा भावांचं दर पंधरवड्याला फोनवर बोलणं व्हायचं ते गुडघे, हवामान आणि क्रिकेट यांवर. त्या टपरीचं नाव निघत नसे. दाढीचं मशीन खोक्यासकट बेसमेंटमधल्या कपाटात पडून होतं.

"मग तुला तर हा शब्द बोलता यायलाच हवा," डोरीन म्हणाली. "तोवर मी तुला एकट्याला कुणाच्या दारात पाठवणार नाही."

उल्हासनी मनावर घेतलं. अख्खा हिवाळा सराव केला. एकदा बायको, रचना, धुतलेले कपडे न्यायला बेसमेंटमध्ये उतरली, तर नवरा ड्रायरसमोर हात जोडून उभा आणि त्या यंत्राला गंभीरपणे सांगतोय, "आय अ‍ॅम सॉरी, युअर हजबंड हॅज डाइड."

"अहो, माझा नवरा तर अजून उभा आहे ना?" रचना म्हणाली. "मग सॉक्स फोल्ड करा म्हणावं त्याला."

*

फेब्रुवारीतल्या एका सकाळी डोरीनचा फोन आला. रात्रभर पाऊस पडून गोठला होता आणि रस्ते आरशासारखे झाले होते. उल्हास पोहे खायला बसतच होते.

"पेरिमीटर हायवेवर गाडी उलटलीय," डोरीन म्हणाली. "तरुण मुलगा आहे, नंदन रामटेके. तुमच्याकडचा. फायरवाल्यांनी पत्रा कापून बाहेर काढला. जिवंत आहे, उल्हास. नीट ऐक, जिवंत आहे. मांडी आणि कंबरेचं हाड मोडलंय, ऑपरेशन करणार आहेत. घरी आई एकटीच आहे, इंग्लिश येत नाही, अनोळखी फोन उचलत नाही. मुलगा म्हणतोय, तुम्ही नुसते पोलीस पाठवलेत तर तिला वाटेल मी मेलो, तिला बीपीचा त्रास आहे. आईला एकदा बघितल्याशिवाय भूल घेणार नाही म्हणतो. डॉक्टर थोडाच वेळ थांबतील. जाशील?"

"एकटा?"

"कॉन्स्टेबल कोवाल्चुक येईल गाडी घेऊन. पण बोलायचं तूच. आणि घाबरू नकोस, ही सोपी केस आहे."

खरंच सोपी होती. तो शब्द बोलायचाच नव्हता! उल्हासच्या छातीवरचा दगड उतरला. त्यांनी उत्साहानं थर्मास भरला, त्यात जरा जास्तच आलं घातलं, आणि रचनानं पार्ले बिस्किटांचा पुडा जाकिटाच्या खिशात कोंबला.

कोवाल्चुक हा सव्वासहा फुटी, गुलाबी गालांचा पोरगा. गाडीत बसल्या बसल्या त्यानं झाकणात ओतून दोनदा चहा घेतला.

नंदन गेल्याच उन्हाळ्यात नोकरी बदलून ग्वेल्फ शहरातून इकडे आलेला, अजून कार्यक्रमांना येऊ लागला नव्हता. त्याचं अपार्टमेंट पेम्बिना हायवेवर. दार उघडलं ते एका ठेंगण्या बाईंनी. नऊवारी नाही, पाचवारी. तिच्याखाली थर्मल पँट आणि वर मुलाचा हॉकीचा स्वेटर, त्याच्या बाह्या चार वेळा दुमडलेल्या. या कांताबाई, नंदनच्या आई. मुलाला सोबत म्हणून आल्या होत्या, आणि त्याच्यासाठी मुलगी बघेस्तोवर हलणार नव्हत्या.

त्यांची नजर उल्हासवरून वर गेली, कोवाल्चुकपर्यंत. कोवाल्चुकनं टोपी काढून हातात घेतली. झालं, तिथूनच घोळाला सुरुवात झाली.

"जय भीम, मावशी. मी उल्हास गजभिये. इथलाच." आणि डोरीनला अभिमान वाटावा अशा स्पष्ट आवाजात त्यांनी सांगून टाकलं, "नंदनच्या गाडीला अपघात झालाय. तो जिवंत आहे. मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन आहे. आपल्याला हॉस्पिटलात जायचंय."

"जय भीम," कांताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

इथे उल्हासनी थांबायला हवं होतं. पण समोर घरच्यासारखी बाई, तिच्या तोंडी घरचा 'जय भीम', आणि ती दाराला धरून उभी. त्यांच्यातला चॅप्लेन बाजूला झाला आणि नागपूरच्या इंदोऱ्याचा माणूस पुढे आला.

"बसा मावशी, बसा. घाबराचं काही काम नाही. सकाळपासून काही खाल्लं का?"

"नाही."

"मग आधी चाय घ्या. दोन बिस्किटं खा. तिथं किती वेळ लागेल सांगता येत नाही."

त्यांनी कप भरून हातात दिला. कांताबाईंनी कपाकडे बघितलं, बिस्किटांकडे बघितलं, आणि कप हळूच टेबलावर ठेवून दिला.

"कोन्या गावचे तुमी, भाऊ?"

"नागपूरचा. इंदोरा."

"मंग तुमाले माहीतच असन," त्या म्हणाल्या आणि उठून आतल्या खोलीत गेल्या. आतून फोनवर हलक्या आवाजात बोलल्याचं ऐकू आलं.

"तयार होतायत," उल्हासनी कोवाल्चुकला खुशीत सांगितलं. एकंदरीत प्रकरण छान हाताळलं गेलं, असं त्यांचं मत होतं.

कांताबाई बाहेर आल्या त्या पांढरी साडी नेसून. टीव्हीशेजारच्या बुद्धमूर्तीपुढे त्यांनी मेणबत्ती लावली, खाली बसल्या आणि डोळे मिटले. कोवाल्चुकनं घड्याळ बघितलं. उल्हास कुजबुजले, "मुलासाठी प्रार्थना करतेय." कोवाल्चुकनं समजूतदारपणे मान खाली घातली.

मग डोळे न उघडताच कांताबाईंनी विचारलं, "बॉडी केव्हा देतीन?"

"कुणाची बॉडी?"

उल्हासनी टेबलावरच्या चहाकडे बघितलं. त्यावर साय धरली होती. आणि त्यांना वर्धा रोडवरची टपरी लख्ख दिसली. आपण या बाईला तोच चहा दिला, बबनवाला.

"मावशी! अहो, तो जिवंत आहे!"

"हो."

"खरंच सांगतो!"

"हो बापा. असंच सांगतेत. नंदनचे बाबा गेले तवाही असंच सांगतलं मले. पाय मोडला म्हणे. चाय पाजली, दोन पोया खाऊ घातल्या. मी येडी, खाल्ल्या." त्यांनी पदर सारखा केला. "तुमी चांगले मानूस हा भाऊ. पन आता मले नोका फसवू."

"मग त्याच्याशी बोला फोनवर! मग तर पटेल?"

कोवाल्चुकनं हॉस्पिटलात फोन लावला. तिकडून सांगितलं, पेशंटला स्कॅनला नेलंय, फोनवर येऊ शकत नाही. उल्हासनी तेही सांगितलं. कांताबाईंनी नुसती मान हलवली. गेलेला माणूस फोनवर येऊ शकत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"काय सांगितलंत तुम्ही तिला?" कोवाल्चुकनं बाजूला घेऊन विचारलं.

"मुलगा जिवंत आहे म्हणून."

"आणि तिला काय वाटतंय?"

"मेलाय."

"का?"

"कारण मी तिला चहा दिला."

कोवाल्चुकनं थर्मासकडे पाहिलं. त्यानं स्वतः सकाळपासून दोन कप घेतले होते. तो जरा मागे सरकला. मग म्हणाला, "सर, डॉक्टर थांबणार नाहीत फार वेळ. उचलून नेऊ का?"

उल्हासनी कोवाल्चुकला हातानंच थांबवलं. शपथ घ्यावी तर शपथा मरणाच्या घरीच घेतल्या जातात. हसून दाखवावं तर धीर देतोय असं वाटणार. जे जे म्हणून खरं सांगावं, ते ते आजवर कुणीतरी खोटं म्हणून वापरून ठेवलं होतं. आणि तिकडे एक पोरगा मोडलेल्या हाडांनिशी आईची वाट बघत दाराकडे डोळे लावून पडला होता.

त्यांनी चहाचा कप उचलून सिंकमध्ये ओतला. बिस्किटं खिशात घातली. जाकीट काढलं आणि कांताबाईंच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"मावशी, माझा बाप गेला तेव्हा माझ्या भावानं मला असाच चहा पाजला. समोसा खाऊ घातला. बाप आदल्या दिवशी पोचवला होता, आणि मी चटणी मागून खाल्ली. बारा वर्षं झाली, तो समोसा माझ्या घशात आहे."

कांताबाईंनी डोळे उघडले.

"त्यासाठी मी हे काम शिकलो. एका म्हातारीसमोर बसून हिवाळाभर एकच शब्द घोकला. आमचा नियम आहे, माणूस गेला तर पहिल्या वाक्यात सांगायचं. दाराशीच. चहा नाही, पाणी नाही. तुमचा नंदन मेला असता ना, तर दार उघडल्या उघडल्या मी म्हटलं असतं, मावशी, नंदन मेला."

मग कांताबाईंचा हात उठला आणि उल्हासच्या खांद्यावर फाडकन बसला.

"जीभ झडो तुही! जित्त्या पोराले मेला म्हनतं? काही लाजलज्जा? माय नाही का तुले?"

"आहे," उल्हास खांदा चोळत म्हणाले. "म्हणजे होती. बोला अजून."

पण कांताबाई थांबल्या होत्या. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच आता ऐकू आलं होतं. त्या उल्हासच्या तोंडाकडे बघत राहिल्या. असा अभद्र शब्द कुणी धीर देणारा माणूस बोलत नाही. आजवर त्यांच्या आयुष्यात कुणीही बोललं नव्हतं.

"जित्ता हाये?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"जित्ता हाये, मावशी. वाट पाहून राह्यला तुमची."

"मंग बसला काय असा मांडी घालून? ऊठ!" कांताबाई म्हणाल्या आणि पांढऱ्या साडीवर स्वेटर चढवत दाराकडे धावल्या. मेणबत्ती कोवाल्चुकनं विझवली.

*

नंदन स्ट्रेचरवर होता, मानेला पट्टा, गालावर काचेचे ओरखडे, दोन दिवसांची दाढी. त्याला ऑपरेशनला न्यायला माणसं उभीच होती. आईला पाहिल्यावर तो म्हणाला, "आई, जेवली का तू?"

कांताबाई थेट पायांशी गेल्या. "अंगठा हालव." अंगठा हलला. "दुसरा." दुसराही हलला. मग त्या उशाशी आल्या, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि सुरू झाल्या. "कवापासून सांगून राह्यली, विंटर टायर लाव, विंटर टायर लाव. रविवारी लावतो म्हने. किती रविवार झाले?"

"आई, नर्स बघतायत."

"पाहू दे. त्याहिलेही समजू दे."

नंदन हसला आणि कळ आल्यामुळे ओरडला. मग त्याला आत नेलं. दार बंद झाल्यावर कांताबाई तिथेच भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि तेव्हा कुठे रडल्या. उल्हास त्यांच्या शेजारी उभे राहिले. काही बोलले नाहीत, काही दिलंही नाही. एवढं शहाणपण त्यांना आता आलं होतं.

वेटिंग रूममध्ये डोरीन मफिनचा डबा घेऊन हजर होती. "कसं झालं?"

"शब्द बोललो," उल्हास म्हणाले. "पण जिवंत माणसाबद्दल."

डोरीननं यावर थोडा विचार केला. "शिकवताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी एकटा जा." आणि तिनं विणकाम बाहेर काढलं.

इतक्यात कांताबाई ताडकन उठल्या. "अगं माय! देवदत्त!"

देवदत्त म्हणजे त्यांचा नागपूरचा धाकटा भाऊ. सकाळी आतल्या खोलीतून फोन त्यालाच झाला होता. नंदन गेला, असं सांगून त्यांनी ठेवून दिला होता. उल्हासनी घाईघाईनं आपल्या मोबाइलवरून नंबर लावला. पलीकडून एवढा कल्ला ऐकू आला की अर्धं नागपूर त्या घरात जमलं असावं.

"देवा, ऐक, नंदन जित्ता हाये!" कांताबाई ओरडल्या. "मी सोता पाह्यलं. अंगठे हालवले त्यानं. हो. हो रे. नाही, मी नाही जेवली. का?" त्या थांबल्या, ऐकलं, आणि फोन उल्हाससमोर धरला. "तुमच्यासंग बोलतो म्हनते."

उल्हासनी फोन कानाला लावला. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला, कल्ला कमी झाला आणि एका पुरुषाचा दबका, भरलेला आवाज आला. "भाऊ, जित्ता हाये म्हणून ताईची समजूत घातली वाटते तुमी. बरं केलं. आता इतक्यात खरं सांगू नका. आधी काहीतरी खाऊ घाला तिले. निदान चाय पाजा."

हसावं की रडावं ते उल्हासना कळेना. हा देवदत्त कोण, कसा दिसतो, त्यांना ठाऊक नव्हतं. पण आवाज ओळखीचा होता, टपरीवरच्या बबनचा. स्वतःचा भाचा गेला असं समजून बसलेला हा माणूस, आणि त्याला काळजी बहिणीच्या उपाशी पोटाची.

"दादा," ते म्हणाले, "मी इथला चॅप्लेन आहे. गेलेल्याची बातमी सांगायचंच काम करतो. नंदन मेला असता तर मी तुम्हाला मेला असंच सांगितलं असतं. तो मेलेला नाही."

पलीकडे देवदत्त नावाचा तो माणूस लहान मुलासारखा रडायला लागला आणि रडता रडताच दार उघडून घरभर ओरडला. नागपुरात जो काय गोंधळ उडाला तो वेटिंग रूममधल्या सगळ्यांना ऐकू आला. डोरीननं मराठीचा एक शब्द कळत नसतानाही डोळे पुसले.

"पटलं का त्याले?" कांताबाईंनी विचारलं.

"पटलं."

"मंग दे आता ती चाय," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत टेकल्या. "आलं घातलं हाये ना?"

त्या दोन कप प्यायल्या, पुडा संपवला आणि वर म्हणाल्या की साखर कमी आहे.

*

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी उल्हास घरी आले, रचनाला सगळं साग्रसंगीत सांगितलं आणि बेसमेंटमध्ये जाऊन कपाटातलं ते खोकं काढलं. दाढीचं मशीन चार्जिंगला लावलं. हॉस्पिटलात न्हावी येत नाही, आणि नंदनच्या मानेला पट्टा आहे.

मग ते तिथेच ड्रायरला टेकून बसले आणि बबनला फोन लावला. नागपुरात सकाळ झाली होती. नेहमीप्रमाणे गुडघे झाले, हवामान झालं. क्रिकेटचा विषय निघणार तेवढ्यात उल्हास म्हणाले, "दादा, त्या दिवशी टपरीवर थांबलो होतो ना आपण. बाबांच्या वेळी."

"हं," बबन म्हणाला.

"तू घेतली होती का रे चाय?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नाही," बबन म्हणाला. "माह्या घशाखाली उतरत नव्हती. तू मस्त खाऊन राह्यला होता. बाबाले कॅनडाले नेतो म्हनत होता. मले वाटलं, याचा बाप अजून घटकाभर जित्ता राहू दे. माहा तर गेलाच होता."

आपण समोसा खात होतो तेवढा वेळ बबन एकटा बाप गेलेला माणूस होता, हे इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते त्यांनी येऊ दिलं.

"आता आहे का घरात चाय?" त्यांनी विचारलं.

"हाये. तुही वहिनी आताच ठेवून गेली."

"मग घे. मी आहे फोनवर."

आणि ते कानाला फोन लावून, बबनचा कप रिकामा होईपर्यंत बसून राहिले.